खाजा घेऊन जामसंड्याला

निघताना बायकोने माझ्या हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका ठेवली आणि सूचना दिल्या. पत्रिका एकच होती. सूचना मात्र एसटीने कात्रज ओलांडलं तरी फोनवरून येतच होत्या.

"खाजा जत्रेतलाच घ्या. दुकानातला नको. कागदात बांधून देतील, तसाच न्या. आणि ताईपुढे शब्दांची कुळं काढत बसू नका."

शेवटची सूचना मला लागली. पोटासाठी मी विम्याचे हप्ते चुकवणाऱ्यांना नम्र स्मरणपत्रं पाठवतो, पण माझं खरं कार्य वेगळं आहे. आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक फलक आहे. त्यावर दर महिन्याला मी एका शब्दाचा उगम उलगडून दाखवतो. वाचकवर्ग मोठा आहे. लिफ्ट बंद पडली की तो आणखी वाढतो.

या महिन्याचा शब्द होता 'खाजा'. चण्याच्या पिठाची बोटाएवढी जाड शेव तळून ती गूळ आणि आल्याच्या पाकात घोळवतात, पाक सुकून वर पांढुरका थर धरतो, तो मालवणी खाजा. कोकणातल्या जत्रेत देवी नसेल एक वेळ, पण खाजाचं दुकान असतंच. शब्दाचं मूळ संस्कृत 'खाद्य'. प्राकृतात त्याचा 'खज्ज' झाला, आणि पुढे घासत घासत मराठीत खाजा, गोव्याकडे खाजें. उत्तरेकडे याच नावाचं एक पापुद्र्यांचं, पाकात भिजलेलं पक्वान्न आहे. आडनाव एक, पण एकमेकांकडे जाणंयेणं नाही. (अंगाला सुटते त्या खाजेशी या शब्दाचा संबंध नाही. तिसऱ्या मजल्यावरून हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) थोडक्यात, खाजा म्हणजे 'खाण्याची वस्तू'. शतकानुशतकं पायपीट करून शब्द दारात येऊन उभा राहतो, आपण विचारतो, बाबा रे, तुझा अर्थ काय, आणि तो म्हणतो, 'खाण्याची वस्तू'. मला ही गोष्ट फार थोर वाटते. बायकोला वाटत नाही.

"अर्थ चुकीचा नाही तुमचा," ती म्हणाली होती. "बिनकामाचा आहे."

आता ताईबद्दल. ताई ही बायकोची थोरली बहीण. देवगडला लागून असलेल्या जामसंड्यात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. माझी बायको पदर खोचून सरळ स्वयंपाकघराकडे निघाली, आणि ताईने तिला दारातच अडवून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. एका बाजूला नवऱ्या मुलाचे साहेब, दुसऱ्या बाजूला साहेबांच्या सौभाग्यवती. बायकोने श्रीखंडाला बोट लावलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "मला पाव्हणी केली." त्यानंतर दोघी बहिणींमध्ये एक शब्द नाही. लोक जमिनीच्या बांधावरून भांडतात. आमच्याकडे पंगतीतल्या पाटावरून भांडण झालं. साहेबांच्या शेजारचा पाट मिळाला म्हणून रुसलेली बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आणि आता आमच्या मृण्मयीचं लग्न. बायकोच्या माहेरच्या रीतीने नवरीला हळदीचा पहिला हात मावशीचा लागतो. मृण्मयीला मावशी एकच. ताई आली नाही तर पहिला हात कुणाचा, हे घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. मृण्मयी तर हळदीचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायची. पत्रिका द्यायला बायको स्वतः जाणार नव्हती. "मी गेले तर तिला वाटेल मी नमले." म्हणून मला धाडलं. नमण्याचा मला घरचाच सराव आहे.

आंबोलीला गाडी चहासाठी थांबली. धुक्यात घाट दिसत नव्हता, त्यामुळे सगळे प्रवासी घाटाचे फोटो काढत होते. मी टपरीवर 'खास मालवणी' अशी पाटी वाचून आशेने विचारलं, तर मॅगी होती. वर ओलं खोबरं भुरभुरलेलं. खोबऱ्यापुरती मालवणी होती, हे मान्य केलं पाहिजे.

उन्हं कलताना मालवण, आणि तिथून पुढे तोंडवली. सुरूच्या झाडांमागे समुद्र, समुद्रासमोर खोली. खोलीच्या मालकांनी सामान उचलता उचलताच विचारलं, "सकाळी डॉल्फिन बघूक जातलास?"

"नाही. मी एका शब्दाचं मूळ बघायला आलोय."

त्यांनी थोडा विचार केला. "तेका बोट लागात काय?"

बोट लागली नाही. जत्रा शेजारच्याच गावात होती, म्हणजे माझ्या सासुरवाडीच्या गावात. ते घर आता बंद आहे. सासूसासरे गेले, मेहुणा नाही. सकाळी आंघोळ करून चालत गेलो. देवळाकडे ओटी भरणाऱ्या बायकांची रांग लागली होती, आणि दुसऱ्या अंगाला खाजाची दुकानं. एक खाजेवाला कढईत झारा फिरवत होता. पाकाचा आणि आल्याचा वास नाकात असा शिरला, की क्षणभर मी 'खज्ज' विसरलो. पण क्षणभरच.

"का हो, खाजा म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"आल्याचा व्हया, काय साधा?" तो म्हणाला.

"तसं नाही. शब्द म्हणून विचारतोय. हा मूळ संस्कृत आहे."

झारा न थांबवता त्याने मागे बायकोला सांगितलं, "गो, सायबाक आल्याचा बांध."

तिने वर्तमानपत्राच्या कागदात चांगला भरपूर खाजा ओतला, कडा दुमडल्या, दोरा गुंडाळला आणि पुडकं माझ्या हातात दिलं. संशोधन संपलं.

आचऱ्यावरून देवगडकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. पुडकं मांडीवर ठेवलं. वाटेतल्या खाड्या, माडांच्या बागा, पुलाखालच्या होड्या यांचं वर्णन मी करणार होतो. पण गाडी सुटते न सुटते तोच शेजारच्या बाईने, मांडीवरची कोंबडी सावरत, पुडक्याकडे बघितलं.

"जत्रेसून इलास?"

"हो."

"खाजा मा ह्या?"

"हो."

तिने हात पुढे केला. मागितलं नाही, फक्त हात पुढे केला, तिकीट घेताना करतात तसा. मी गांगरून दोरा सोडला आणि थोडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो कपाळाला लावून तोंडात टाकला. मग पुढच्या बाकावरचा हात आला. मग मागचा. कंडक्टरने तिकिटाचं मशीन काखेत धरून मूठ पसरली. पुण्यात असं कुणी केलं असतं तर मी सोसायटीच्या बैठकीत विषय मांडला असता. इथे मी वाढप्यासारखा बसल्या जागी वाढत होतो, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आचऱ्याला चढलेले एक वृद्ध मुसलमान गृहस्थ जाळीची टोपी सारखी करत समोर बसले. मी आपणहून त्यांच्यापुढे पुडकं धरलं. तेवढा तयार झालो होतो.

"आमच्या उरसाक पण ह्याच खाजा," ते चावत म्हणाले. "आणि खाजेवालो पण ह्योच."

एवढं वाटल्यावर आपलाही हक्क पोचतो, असं वाटून मी एक तुकडा उचलला. आजोबांचं चावणं थांबलं.

"तुमी खातास? तुमी जत्रेक जावन इलास मा?"

"हो, मग?"

"ज्येका जावक गावाक नाय, तेच्यासाठी आसता ता." ज्याला जायला मिळालं नाही, त्याच्यासाठी असतो तो.

मी समंजस हसलो. लोकांच्या अशा कल्पना असतात. शब्दाचा अर्थ 'खाण्याची वस्तू' आहे. ती कुणी खायची, याबद्दल प्राकृतात काही अट नाही. मी तुकडा दाढेखाली धरला आणि कचकचून चावला. गूळ दाताला चिकटला, आणि खाजा ओढताना दाढेवरची कॅप त्याच्याबरोबर निघून थेट पुडक्यात पडली.

दंतवैद्याने ती बसवताना, "रंग अगदी नैसर्गिक निवडलाय" असं अभिमानाने सांगितलं होतं. त्याच्या कौशल्याची कल्पना मला आत्ता आली. तळाशी उरलेल्या चुऱ्यात ती कॅप अशी मिसळली, की खाजा कुठला आणि मी कुठला, हे हलत्या गाडीत काही केल्या कळेना. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. खांदे मात्र हलत होते त्यांचे.

जामसंड्याला उतरलो तेव्हा पुडक्यात ओंजळभर चुरा होता. त्यातच कुठेतरी माझी दाढ. हे घेऊन रुसलेल्या मेहुणीच्या दारात जायचं? मी विचारी माणूस आहे. समोर मिठाईचं दुकान होतं. तिथे खाजा होता, आणि काय थाटात! पुठ्ठ्याचा डबा, त्यावर माडाचं झाड, खाली 'कोकणची अस्सल परंपरा', आणि वर सोनेरी फीत. डबा घेतला. घटक तेच: पीठ, गूळ, आलं. दुकानातला नको, हे बायकोचं वाक्य आठवलं. पण तिला काय ठाऊक इथे काय प्रसंग ओढवला होता! पुडकं पिशवीत तळाशी कोंबलं, उजेडात दाढ शोधायची म्हणून.

ताईने दार उघडलं. "या पाव्हणे. प्रवास बरा झाला ना? बसा."

पूर्वी ही मला दारातूनच मालवणीत हाक मारायची. आज तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेल्यावर बोलतात, तसं पुस्तकी मराठी. मी खुर्चीत टेकलो. तिने खांद्यावर पदर घेतला. मी फितीचा डबा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, माडाचं झाड बघितलं, फीत बघितली.

"कशाला त्रास घेतलात." आणि डबा फ्रिजवर ठेवून दिला. तिथे पाव्हण्यांनी आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यांची रांग होती. ती एका डब्याने वाढली.

पत्रिका तिने चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मृण्मयीच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला, आणि पत्रिका मिटली. "माझे गुडघे फार दुखतात हल्ली. एवढा प्रवास व्हायचा नाही. आहेर पाठवीन."

एवढंच. हळदीच्या पहिल्या हाताचं बोलायला तोंड उघडलं, तर तिने त्याच वेळी समोर ताट ठेवलं. चकली, चिवडा, खोबऱ्याची वडी, बाजूला कागदी रुमाल. पाव्हण्यांचं ताट. नाही कसं म्हणणार? चकली तोंडात घातली, आणि उघडी दाढ अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

"काही नाही. दाढेची कॅप पडली बसमध्ये."

"खंय?" हा शब्द तिच्या तोंडून निसटलाच. मग सावरून, "कुठे पडली? सापडली का?"

"सापडेल. यात आहे." आणि दुसरा काही उपाय न सुचल्यामुळे मी पिशवीच्या तळाचं चुरगळलेलं पुडकं काढून तिच्यासमोर ठेवलं. विम्याच्या कामात इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

ताईने चुरा बघितला. आत गेली आणि सूप घेऊन आली. पुडकं त्यात पालथं केलं, उंबऱ्याशी उजेडाला खाली बसली, गुडघ्यांसकट, आणि तांदूळ निवडतात तसा तो चुरा बोटांनी कडेला सारायला लागली. मीही समोर बसलो. आमच्या विद्वत्तेचा फलक वाचणाऱ्या मंडळींनी हे दृश्य बघायला हवं होतं.

थोडा वेळ नुसती तिची बोटं हलत होती. मग ती थांबली. एक तुकडा नाकाशी नेला.

"ह्या खंयचा?"

"जत्रेचा."

"आमच्या?"

"हो."

"आणि ता?" तिने मानेने फ्रिज दाखवला.

"ते समोरच्या दुकानातलं. हा बसमध्ये वाटून संपला. लोक हात पुढे करत होते, मी देत गेलो. उरला तो असा. हा कसा द्यायचा तुम्हाला, म्हणून..."

"भावजी," ती म्हणाली. मी दचकलो, 'पाव्हणे' कधी गेलं ते कळलंच नाही. "ह्या तुमी तुमच्या मनान घेतलास, काय तिणा सांगल्यान?"

"तिनेच सांगितलं. जत्रेतलाच घ्या म्हणाली. कागदातच न्या म्हणाली."

ताईने मान खाली घातली आणि पुन्हा चुरा सारायला लागली. तिची बोटं आता काही शोधत नव्हती, नुसती फिरत होती.

"गुडघे गेल्यापास्ना माका जत्रेक जावक गावणा नाय," ती सुपाकडे बघतच बोलली. "पयली तीच धाडी. कोणाच्या ना कोणाच्या हाती, पण धाडी. त्या लग्नापास्ना ह्या घरात जत्रेचा खाजा इला नाय. मी समाजलंय, सोडल्यान आमका." मग एकदम आवाज चढला. "आणि काय केललंय मी तिका? रातभर गाडयेत बसान इली हुती, डोळे लाल झालले. म्हटलंय, बसांदे, दोन घास सुखान खांवदे. तर तेचा ह्या!"

ताईपुढे शब्दांची कुळं काढू नका, ही सूचना मी एवढी एकच नीट पाळली, आणि तीसुद्धा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून.

"गावली!" ताईने चिमटीत कॅप धरून माझ्या तळहातावर ठेवली. "ह्या तुमचा. बाकीचा माझा."

आणि मी काही म्हणायच्या आत एक तुकडा कपाळाला लावून तिने तोंडात टाकला.

"ताई, अहो, त्यात माझी दाढ होती!"

"देवीचा खाजा ता. तुमच्या दाताक भितला?" तिने माझा फोन मागितला. नंबर मी लावून स्पीकरवर दिला. पलीकडून बायकोचा आवाज आला, "पोचलात का? काय म्हणाली ती?"

"मी बोलतंय गो," ताई म्हणाली.



"घोवाक (नवऱ्याला) दात तरी बरे लावन धाडूचे! खाजा सुपात निवडून खाऊची पाळी हाडलंस माझ्यार."

"खाल्लंस?" बायकोने विचारलं. आवाज इतका बारीक होता, की माझी बायको असं बोलू शकते हे मला नव्यानेच कळलं.

"खातंय." ताईने खरोखरच आणखी एक तुकडा तोंडात टाकला. "हळद कधी? मी आदीच चार दिस येतलंय. नारळ कोण खवतलो तुमच्या पुण्यात? आणि आयक, माका पयल्या पंगतीत बसयलंस तर थयसून उठान चालू पडतलंय."

पुढचं संभाषण बरंच लांबलं. त्यात माझा उल्लेख अनेकदा आला, तो इथे देण्याचं कारण नाही. मी चिवडा दुसऱ्या बाजूने चावत बसलो. पाव्हण्यांचं ताट कधीतरी उचललं गेलं होतं, आणि मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून भात आणि बांगड्याची कढी वाढली होती. काटे काढायला कुणी मदत केली नाही, इतका मी आता घरचा झालो होतो.

निघताना ताईने सुपातला अर्धा चुरा पुन्हा त्याच कागदात बांधला. उरलेला शेजारणींसाठी बाजूला काढून ठेवला. "ह्या तिका. तीव जावक नाय जत्रेक." मग फ्रिजवरचा डबा काढून माझ्या पिशवीत घातला. "आणि ह्या तुमच्या लिफ्टीक. लिवतास मा अजून?"

तोंडवलीहून सामान घेऊन परतताना जीभ सारखी दाढेच्या रिकाम्या जागेत जात होती. आंबोलीला धुकं नव्हतं, घाट लख्ख दिसत होता, त्यामुळे कुणी फोटो काढले नाहीत. मी पुडकं मांडीवर न ठेवता पिशवीत खोल ठेवलं, कुणाचा हात पुढे येऊ नये म्हणून. मग वाटलं, आलाच तर? थोडा देऊ. पण घाट चढून देशावर आल्यावर हात पुढे करणारं कुणी भेटलंच नाही. शेजारच्या तरुणाने कानात तारा घातल्या होत्या. नाकाशी आल्याचा वास आल्यावर त्याने खिडकी उघडली.

फितीचा डबा मी लिफ्टच्या फलकाखाली स्टुलावर ठेवला, वर 'खाद्य, खज्ज, खाजा' असा कागद लावला. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला. कागदाबद्दल तिसऱ्या मजल्यावरून विचारणा आली. अपेक्षित तीच.

घरात बायको चहा टाकायचा सोडून ओट्याशी उभी होती. पुडकं उघडून तिने आधी वास घेतला. मग मृण्मयीला हाक मारली, तिच्या हातावर थोडा ठेवला, थोडा आपण घेतला. दोघींनी कपाळाला लावला. मृण्मयी चुरा बोटाने टिपून खात होती, आणि बायको खिडकीबाहेर बघत चावत होती, अगदी हळू, संपू नये असं.

एवढा प्रवास, एवढं वाटप, वर एक दाढ. मीही हात पुढे केला.

बायकोने पुडकं उचलून पलीकडे ठेवलं.

"तुम्ही जाऊन आलात ना जत्रेला?"